विश्लेषण : शंभर मण्यांची माळ आणि मोजलेली पावले… नैनसिंह रावत यांनी तिबेट कसा मोजला?

उपग्रह नव्हते, जीपीएस नव्हते आणि तिबेटमध्ये शिरणाऱ्या परक्या माणसाच्या जिवाची हमी नव्हती. अशा काळात कुमाऊँमधील एका शाळामास्तरांनी यात्रेकरूच्या वेशात पायी जाऊन ल्हासाचे नकाशावरील स्थान निश्चित केले. त्यांच्या गाठोड्यात काय काय होते, त्या वस्तू कशा वापरल्या जात, तयारीला इतका वेळ का लागला आणि या कामाची किंमत कोणी मोजली, याविषयी…

तिबेट मोजण्यासाठी चालत का जावे लागले?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिशांच्या ‘ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे’ने भारताचा बराचसा भूभाग त्रिकोणांच्या जाळ्यात बसवला होता. हिमालयाची शिखरे दूरवरून, कोन मोजून नोंदवली गेली होती. एव्हरेस्ट हे जगातील सर्वोच्च शिखर असल्याचे १८५६ मध्ये जाहीर झाले. पण शिखरांच्या पलीकडे काय आहे, हे दुर्बिणीतून दिसत नव्हते. ल्हासा नेमके कुठे आहे, किती उंचीवर आहे, त्सांगपो ही मोठी नदी कुठून येते आणि कुठे जाते, याची खात्रीलायक उत्तरे युरोपीय नकाशांत नव्हती.

तिबेटची दारे युरोपीयांना बंद होती. वेशांतर करावे तर गोरा रंग, उंची, बोलण्याची ढब लगेच उघडी पडे. पलीकडचा मध्य आशियाही सुरक्षित नव्हता. जर्मन संशोधक अडॉल्फ श्लागिंटवाइट यांची १८५७ मध्ये काशगरला हत्या झाली. शिवाय सर्वेक्षणाची नेहमीची साधने लपवता येण्यासारखी नव्हती. दक्षिण भारतातील मोजणीत वापरलेला मोठा थिओडोलाइट जवळपास अर्ध्या टनाचा होता आणि तो वाहून न्यायला डझनभर माणसे लागत.

यातून वाट काढली ती कॅप्टन थॉमस मॉंटगोमेरी यांनी. काश्मीरच्या सर्वेक्षणात काराकोरमच्या शिखराला ‘के-टू’ हे नाव देणारे ते हेच. लडाखमधून यारकंदकडे हिंदी व्यापारी सहज ये-जा करतात, हे त्यांनी पाहिले होते. मग मोजणीचे शिक्षण अशाच एखाद्याला दिले तर? पहिला प्रयोग अब्दुल हमीद या मुन्शींवर झाला. ते १८६३ मध्ये यारकंदला पोहोचले. परतताना वाटेतच त्यांचा मृत्यू झाला, पण त्यांच्या नोंदी हाती आल्या आणि त्या उपयोगी ठरल्या. कल्पना चालते, हे सिद्ध झाले. आता तिबेटसाठी माणूस हवा होता.

नैनसिंह रावत कोण होते?

नैनसिंह यांचा जन्म १८३० मध्ये जोहार खोऱ्यातील. मिलम हे त्यांचे गाव आजच्या उत्तराखंडमधील पिथौरागढ जिल्ह्यात येते. इथल्या शौका समाजाचे, म्हणजे ब्रिटिश ज्यांना भोटिया म्हणत त्या लोकांचे, पोट तिबेटशी चालणाऱ्या व्यापारावर होते. उन्हाळ्यात खिंडी उघडल्या की धान्य आणि कापड घेऊन तिकडे जायचे, मीठ, टाकणखार आणि लोकर घेऊन यायचे. त्यामुळे तिबेटी भाषा, तिथले रीतिरिवाज, चहा घेण्यापासून लामांपुढे वाकण्यापर्यंतचे शिष्टाचार नैनसिंह यांना घरातच मिळाले. घरची स्थिती मात्र बेताची होती.

विशीच्या मध्यात त्यांना श्लागिंटवाइट बंधूंच्या मोहिमेत काम मिळाले. १८५५ ते १८५७ या काळात त्यांच्यासोबत ते मानसरोवर, गारतोक आणि लडाखच्या भागात फिरले. होकायंत्र आणि उष्णतामापक ही उपकरणे त्यांनी इथे जवळून पाहिली. पुढे मिलमच्या सरकारी शाळेत ते शिक्षक झाले. शाळामास्तर म्हणून मागे लागलेली ‘पंडित’ ही उपाधी पुढे सर्वेक्षण खात्यात इतकी रुळली, की अशा सर्वच हिंदी मोजणीदारांना ‘पंडित’ म्हटले जाऊ लागले.

कुमाऊँचे शिक्षणाधिकारी एडमंड स्मिथ यांनी मॉंटगोमेरी यांना त्यांचे नाव सुचवले. १८६३ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह प्रशिक्षणासाठी देहरादूनला दाखल झाले.

तयारीला इतका वेळ का लागला?

प्रत्यक्ष प्रवासाला सुरुवात झाली १८६५च्या जानेवारीत. मधला काळ शिकण्यात गेला. सेक्स्टंट वापरणे, होकायंत्रावर दिशा घेणे, मोठे तारे ओळखणे, उकळत्या पाण्याच्या तापमानावरून उंची काढायला लागणाऱ्या नोंदी घेणे, हा अभ्यासक्रमाचा एक भाग होता. त्याहून अवघड भाग होता चालण्याचा.

अंतर मोजायला साखळी किंवा चाक नेता येणार नव्हते. म्हणून मोजपट्टी व्हायची होती ती पायांनाच. चढ असो, उतार असो वा सपाटी, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे, यासाठी महिनोन्‌महिने सराव करून घेण्यात आला. साधारण २,००० पावलांत एक मैल, म्हणजे एक पाऊल सुमारे ८० सेंटीमीटरचे. हिशेब सोपा आहे, पण तो पाळणे कठीण. चढावर माणसाचे पाऊल आपोआप आखूड होते, उतारावर लांबते, थकल्यावर रेंगाळते. बर्फात, वाळूत किंवा पाठीवर ओझे असताना ते आणखी बदलते. ही नैसर्गिक ढब मोडून एकच चाल अंगवळणी पाडायची आणि ती वर्ष-दीड वर्ष टिकवायची, ही खरी तयारी होती.

कागदपत्रांवर त्यांचे नाव येणार नव्हते. नैनसिंह यांचा उल्लेख ‘पंडित’ किंवा ‘क्रमांक एक’ असा होई. त्यांच्या नंतरच्या मोजणीदारांनाही अशीच सांकेतिक नावे दिली गेली.

माळेत १०८ऐवजी १०० मणी का होते?

बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंह यांच्या माळेत १०० होते. इतका बारीक फरक कोणी मोजून पाहणार नव्हते. दर १०० पावलांनंतर एक मणी ओढायचा. दहावा मणी मोठा, रुद्राक्षाचा. म्हणजे अंधारातही बोटांना कळे की १,००० पावले झाली. पूर्ण माळ फिरली की १०,००० पावले, म्हणजे साधारण पाच मैल किंवा आठ किलोमीटर. माळ बाहीत धरून चालणारा माणूस नामस्मरणात आहे असेच वाटे.

मोजलेले लिहून ठेवायला प्रार्थनाचक्र होते. तिबेटी यात्रेकरूच्या हातातल्या या चक्रात मंत्र लिहिलेली कागदाची गुंडाळी असते. नैनसिंह यांच्या चक्रात कोऱ्या पट्ट्या होत्या आणि त्यांवर अंतरे, दिशा, खिंडी, गावे यांच्या नोंदी होत. धार्मिक वस्तू सहसा तपासली जात नसे. वाटेत कोणी जवळ येऊ लागले, की चक्र फिरवत जप सुरू करायचा. जप करणाऱ्याला मध्येच थांबवून चौकशी करणे शिष्टाचारात बसत नव्हते. लहान होकायंत्रही याच प्रकारे दडवलेले असे.

दिशा आणि अंतर या दोन नोंदी मिळाल्या की वाटेचा नकाशा काढता येतो. अमुक दिशेला इतकी पावले, मग वळण, मग पुन्हा इतकी पावले. याला जोड म्हणून दूरच्या शिखरांच्या दिशाही घेतल्या जात. पण अशा नकाशात छोट्या चुका साठत जातात. त्या दुरुस्त करायला आकाशाचा आधार लागतो. सेक्स्टंटचे काम तिथे होते.

कवड्यांमध्ये पारा कशाला?

सेक्स्टंटने सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती उंच आहे, तो कोन मोजतात. त्यावरून त्या जागेचे अक्षांश काढता येतात. समुद्रावर क्षितिज स्पष्ट दिसते. चहूबाजूंनी डोंगर असतील तर क्षितिजच नसते. अशा वेळी वाडग्यात पारा ओतायचा. पाऱ्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो आणि आरशासारखे काम करतो. आकाशातला तारा आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब यांमधील कोन मोजून तो निम्मा केला, की ताऱ्याची उंची मिळते.

हा पारा मेणाने तोंड बंद केलेल्या कवड्यांमधून नेला जाई. वाडगा तर प्रत्येक यात्रेकरूकडे असतोच. सेक्स्टंट मात्र मोठा, म्हणून तो पेटीच्या खोट्या तळाखाली ठेवलेला. उष्णतामापक काठीच्या पोकळीत आणि कपड्यांत शिवलेल्या चोरखिशांत.

उंची मोजायला लागे फक्त आग, भांडे आणि उष्णतामापक. जितके उंच जावे तितका हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश सेल्सियसचा फरक पडतो. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारे पाणी ल्हासाच्या उंचीवर सुमारे ८८ अंशांवरच उकळते. चहासाठी आधण ठेवलेल्या भांड्यात कोणी क्षणभर काही बुडवले, तर बघणाऱ्याला त्यात विशेष वाटणार नव्हते.

या सगळ्या यादीत एक सूत्र दिसते. प्रत्येक वस्तू दोन कामांची होती. यात्रेकरूकडे जे असायलाच हवे त्याच वस्तूंना मोजणीच्या कामाला लावले होते. यात्रेकरूकडे शोभणार नाही अशी वस्तू म्हणजे सेक्स्टंट. सर्वात मोठा धोकाही त्याचाच होता. रात्री त्यावरचे बारीक आकडे वाचायला दिवा लागे, आणि दिव्याच्या उजेडात ताऱ्यांकडे पाहणारा यात्रेकरू संशयाला कारण ठरू शकत होता.

पहिल्या प्रवासात अडचण कशाची आली?

साधनांनी दगा दिला नाही. अडवले ते माणसांनी आणि परवान्यांनी. १८६५च्या मार्चमध्ये दोघे भाऊ काठमांडूला पोहोचले. तिथून किरोंगमार्गे तिबेटमध्ये शिरण्याचा प्रयत्न केला. घोडे विकत घ्यायला आणि देवदर्शनाला निघालेले बशहरचे व्यापारी, अशी त्यांनी बतावणी केली. ती सीमेवरच्या अधिकाऱ्यांना पटली नाही आणि त्यांना परत पाठवण्यात आले. त्यातच किरोंगचा अधिकारी मणिसिंह यांना पूर्वीपासून ओळखत होता. त्यामुळे मणिसिंह यांचा मार्ग खुंटला. ल्हासाला नेतो असे सांगून एका व्यापाऱ्याने नैनसिंह यांच्याकडून पैसे घेतले आणि तो फिरकलाच नाही.

मग नैनसिंह यांनी वेश बदलला. खोटी वेणी लावून ते लडाखी झाले. ल्हासाला जाणार नाही, गेलो तर जीव गमावेन, असे लिहून द्यावे लागले, तेव्हा कुठे सीमा ओलांडता आली. सप्टेंबर १८६५ मध्ये ते तादुमला पोहोचले. तिथून ल्हासाकडे जाणाऱ्या लडाखी व्यापाऱ्यांच्या तांड्यात त्यांनी जागा मिळवली. थंडी, दरोडेखोर आणि नाक्यांवरची चौकशी या तिन्हींपासून तांडा हेच संरक्षण होते.

पण तांड्याची चाल वेगळी आणि मोजणीदाराची वेगळी. त्सांगपोच्या काठी एका टप्प्यावर सोबतचे लोक होडीने निघाले. नैनसिंह काठाकाठाने चालत राहिले, कारण होडीत बसले असते तर तेवढी पावले माळेत पडली नसती. सोबत्यांना याचे कारण सांगता येत नव्हते. शिगात्से इथे ताशिलहुन्पो मठात त्यांना इतर यात्रेकरूंबरोबर पंचेन लामांच्या दर्शनाला जावे लागले. पंचेन लामा तेव्हा ११ वर्षांचे बालक होते. लामा माणसाच्या मनातले ओळखतात अशी श्रद्धा असलेल्या मुलखात वाढलेल्या माणसासाठी ही परीक्षा साधी नव्हती.

ल्हासामध्ये कोणी वाचवले?

१० जानेवारी १८६६ रोजी नैनसिंह ल्हासाला पोहोचले. त्यांनी भाड्याने दोन खोल्या घेतल्या. त्यांपैकी एकीतून तारे पाहता येत. एप्रिलपर्यंतच्या मुक्कामात त्यांनी सूर्य आणि ताऱ्यांच्या अनेक नोंदी घेतल्या. त्यांवरून ल्हासाचे अक्षांश २९ अंश ३९ मिनिटे निघाले. आजच्या मोजणीतही ते तेवढेच आहेत. उंची निघाली सुमारे ११,७०० फूट. प्रत्यक्षात ती १२,००० फुटांच्या आसपास आहे. हवामान बदलले की हवेचा दाब बदलतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही. भांडे आणि उष्णतामापक एवढ्याच साधनांवर आलेली ही चूक किरकोळ म्हणावी लागेल.

पैसा मात्र संपत आला होता. व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून नैनसिंह काही दिवस पोट भरत राहिले. याच काळात दोन काश्मिरी मुस्लीम व्यापाऱ्यांनी त्यांना ओळखले. हा लडाखी नाही, हे त्यांना कळले. नैनसिंह यांनी खरे काय ते सांगून टाकले. व्यापाऱ्यांनी ते गुपित ठेवले आणि घड्याळ गहाण ठेवून घेऊन त्यांना पैसेही दिले. पकडले गेले असते तर शिक्षा त्यांनाही झाली असती.

धोका किती खरा होता, हे ल्हासामध्येच दिसले. परवानगीशिवाय शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला नैनसिंह यांनी पाहिला. काही दिवसांनी किरोंगचा तोच अधिकारी ल्हासाच्या रस्त्यात नजरेस पडला. त्यानंतर त्यांनी बाहेर पडणे कमी केले, राहण्याची जागा बदलली. २१ एप्रिलला लडाखी तांडा परत निघाला, त्याच्यासोबत तेही निघाले. त्सांगपोच्या वरच्या अंगाने चालत जून महिन्यात ते मानसरोवर परिसरात पोहोचले आणि तिथून भारतात परतले.

या एका प्रवासात सुमारे १,२०० मैलांची, म्हणजे १,९०० किलोमीटरहून अधिक वाट मोजली गेली. सुमारे २५ लाख पावले. ३१ ठिकाणचे अक्षांश आणि ३३ ठिकाणांची उंची हाती आली.

पुढच्या प्रवासांत सामान कसे बदलले?

१८६७ मध्ये नैनसिंह पश्चिम तिबेटकडे वळले. तिथल्या ठोक जालुंग या सोन्याच्या खाणींपर्यंत ते पोहोचले. ही जागा १६,००० फुटांहून उंच. वाऱ्यापासून वाचायला खाणकामगार सात-आठ फूट खोल खड्डे करून त्यांत तंबू लावत. जमीन इतकी गार, की ते पाठ टेकून झोपतच नसत. गुडघे पोटाशी घेऊन, कोपरांवर भार देऊन, पालथे राहून अंगावर कपड्यांचा ढीग घेत. थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालच्या जमिनीतून लागते. आजचे गिर्यारोहक स्लीपिंग बॅगइतकेच महत्त्व तिच्याखालच्या मॅटला देतात, त्याचे कारण हेच.

सर्वात लांबचा प्रवास १८७४ मधला. १५ जुलैला लेहहून निघून चांगथांगच्या ओसाड पठारावरून ल्हासा गाठायचे होते. या वाटेवर गावे तुरळक, झाडे नाहीत, सरपण म्हणजे वाळलेले शेण. घोडा किंवा खेचर घ्यावे तर त्याचा चारा वाहायला आणखी एक जनावर लागणार. नैनसिंह यांनी आपल्या खोऱ्यातला जुना उपाय वापरला. ओझ्यासाठी २६ मेंढ्या घेतल्या. पडशीसारख्या दुहेरी पिशव्यांतून प्रत्येकीवर १० किलोच्या आसपास ओझे. मेंढी वाटेत चरत चालते, खुरटे गवतही तिला पुरते, खडकाळ उतारावर पाय घसरत नाही. एखादी थकली तर तिचे ओझे इतरांवर वाटता येते. वेळ आलीच तर ती अन्नही ठरते. त्यांतल्या मोजक्या मेंढ्यांनी जवळपास हजार मैल ओझे वाहिले.

निघताना यारकंदला जातो असे सांगितले होते. सीमा ओलांडताना वेश लामाचा झाला. १८ नोव्हेंबरला ल्हासा आले, पण लेहच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याची गाठ पडली आणि बिंग फुटण्याची भीती निर्माण झाली. नैनसिंह यांनी दोन गोष्टी तातडीने केल्या. आतापर्यंतच्या खगोलीय नोंदी दोन विश्वासू माणसांबरोबर लेहला पाठवून दिल्या. आपण पकडले गेलो तरी चार महिन्यांचे काम वाचावे, हा हेतू. दुसरे, जड सामान ल्हासातच ठेवले आणि एका मठाच्या यात्रेला जातो असे सांगून उत्तरेकडची वाट धरली. अंधार पडल्यावर दिशा बदलून ते दक्षिणेकडे निघाले. सामान मागे आहे म्हणजे माणूस परत येणार, असे लोकांनी समजावे, यासाठी सामानाचाच उपयोग झाला.

त्सांगपो ओलांडून ते तवांगला आले. तिथे काही आठवडे अडकून पडावे लागले. १ मार्च १८७५ रोजी आसाममधील उदालगुडीला त्यांचा प्रवास संपला. सुमारे १,४०० मैल वाट, त्यातली बहुतेक यापूर्वी कोणीच न मोजलेली. त्सांगपोचा आणखी मोठा टप्पा नकाशावर आला आणि तीच पुढे ब्रह्मपुत्रा होते, या तर्काला बळ मिळाले.

श्रेय मिळाले का आणि किंमत कोणी मोजली?

पहिल्या प्रवासाचा वृत्तान्त लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत मॉंटगोमेरी यांच्या नावाने गेला. त्यात मोजणी करणारा ‘पंडित’ एवढाच होता. १८६८ मध्ये सोसायटीने त्यांना सोन्याचे घड्याळ दिले. १८७७ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. आशियाच्या नकाशात या एका माणसाने जितकी खात्रीलायक भर घातली तितकी त्या काळात दुसऱ्या कोणी घातली नाही, अशी दाद भूगोलतज्ज्ञ हेन्री यूल यांनी दिली. ब्रिटिश सरकारने ‘सीआयई’ हा किताब आणि एका गावाचा महसूल दिला. उन्हातल्या बर्फाने आणि सततच्या निरीक्षणांनी तोवर नैनसिंह यांची नजर अधू झाली होती, प्रकृतीही ढासळली होती.

त्यांनी पुढच्या मोजणीदारांना घडवले. चुलतभाऊ किशनसिंह हे त्यांतले सर्वात नामवंत. १८७८ ते १८८२ या काळात ते तिबेट आणि मंगोलियाच्या सीमाभागापर्यंत गेले. वाटेत एकदा दरोडेखोरांच्या भीतीने त्यांना घोड्यावर बसणे भाग पडले. तेव्हा त्यांनी घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावले मोजली.

या कामाची दुसरी बाजूही आहे. नैनसिंह यांनी ज्यांचे मीठ खाल्ले, ज्यांच्या मठांत आसरा घेतला, त्यांना आपला खरा हेतू सांगितला नाही. आणलेली माहिती साम्राज्याच्या कामी आली. १९०३-०४ मध्ये यंगहजबंड यांची सशस्त्र मोहीम ल्हासात घुसली, तेव्हा तिबेट पूर्वीइतका अनोळखी राहिला नव्हता. मदत करणाऱ्या स्थानिकांवरही संकटे आली. नैनसिंह यांच्यानंतर तिबेटमध्ये गेलेले बंगाली अभ्यासक शरच्चंद्र दास यांना सेंगचेन लामांनी आश्रय दिला होता. दास यांचा ब्रिटिशांशी असलेला संबंध उघड झाल्यावर तिबेटी सरकारने १८८७ मध्ये या लामांना नदीत बुडवून मृत्युदंड दिला. ल्हासातल्या त्या दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनी कोणता धोका पत्करला होता, हे यावरून कळते.

आजच्या प्रवाशाला यातून काय घेता येईल?

लांबच्या भटकंतीची तयारी म्हटली की आज आधी खरेदीची यादी होते. नैनसिंह यांच्या तयारीचा क्रम उलटा होता. आधी शरीर आणि कौशल्य, मग वस्तू. सेक्स्टंट हाती येण्याआधी तारे ओळखता यावे लागत, आणि माळेचा उपयोग पाऊल सारखे पडत असेल तरच. आजही फोन पावले मोजतो, पण चढ-उतारावर पाऊल बदलले की त्याने दाखवलेले अंतरही चुकते. त्यामुळे ठाऊक असलेल्या एखाद्या किलोमीटरवर आपली पावले मोजून पाहणे शहाणपणाचे.

नोंदींची एक प्रत स्वतःपासून दूर ठेवावी, हा ल्हासाचा धडा आजही लागू आहे. परवाने, ओळखपत्रे, परतीचा मार्ग आणि हातखर्चाचे पैसे यांची आखणी सामानाइतक्याच बारकाईने हवी. नैनसिंह यांचे प्रवास अडले ते परवान्यांवर आणि पैशांवरच. वाहन किंवा जनावर निवडताना ते किती ओझे वाहते एवढे पाहून चालत नाही, त्याला स्वतःला काय लागते तेही पाहावे लागते. लडाख-स्पितीच्या वाटेवर मोटारसायकल नेणाऱ्यांना पुढचा पेट्रोल पंप किती दूर आहे, हे याच हिशेबाने पाहावे लागते.

नैनसिंह यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये तिकीट काढले. २१ ऑक्टोबर २०१७ रोजी, त्यांच्या १८७व्या जयंतीला, गूगलने त्यांच्यावर डूडल केले. त्यांचे मिलम मात्र बरेचसे ओस पडले आहे. १९६२च्या युद्धानंतर तिबेटशी चालणारा व्यापार थांबला आणि कुटुंबे खाली उतरली. उन्हाळ्यात काही घरे उघडतात, शेतांत थोडे पीक होते. मुनस्यारीहून मिलम हिमनदीकडे जाणारे ट्रेकर याच गावातून पुढे जातात.